खणातला अंबाजी

बेडसे,
माघ वद्य सप्तमी, सन १९३१

इंदुरीच्या सरुबाईला बेडश्याच्या रतनबाईचा रामराम. हितं सगळी बरी हायेत, तितंही बरी असतीलच. आता ऐक. माझ्या नवऱ्याला खंडाळ्याच्या शेटच्या खणात नेऊन घालायला तुला कुणी सांगितलं व्हतं?

वाचून दाखवणाऱ्या दादा, तू कोण असशील तो अस. मधलं काही गाळू नको आन् गोड करून तर अजिबात वाचू नको. बापानं मला दुसरीपर्यंत शाळेत बसवलं, तेवढ्यावर हे लिवतेय. एकेका ओळीला घाम फुटतोय. वाया घालवू नको.

सरुबाई, मी कोण ते आठवत नसंल तर सांगते. लढाईचे चांदीचे बिल्ले वडगावात वाटले, त्या दिवशी चिंचेखाली तू आन् मी बसलो व्हतो. तुझा गेणू आन् माझा अंबाजी एकाच पलटणीतले, बसऱ्याकडं गेले ते तिकडंच राहिले. माझी भाकरी व्हती, तुझा ठेचा व्हता. बिल्ल्यावर एका बाजूला राजाचं तोंड, दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा उघडा माणूस. तू तो उलटापालटा केलास आन् म्हणालीस, "बाई, माणूस दिला व्हता, सरकारनं घोडा परत केला. त्यावर बसलाय त्याच्या अंगावर चिंधी पण न्हाई." मी एवढी हसले की ठसका लागला. माणसं बघाया लागली, ह्या रांडमुंड बाया हसतात काय म्हणून. आठवलं?

दोन्ही बिल्ले एकाच पदरावर पडले व्हते. उठताना एक तू घेतलास, एक मी. तिथंच घोटाळा झाला. कडेला बारीक विंग्रजीत नाव कोरलेलं असतंय, हे आपल्याला काय ठाऊक!

मी घरी आणला तो थेट देव्हाऱ्यात ठेवला. घोड्यावरचा माणूस, खंडोबाच्या टाकाशेजारी शोभून दिसला. आमच्यात लढाईत मेलेल्या माणसाचा वीर म्हणून टाक करतात, धुळवडीला त्याला नदीवर आंघोळीला नेतात. मला वाटलं, आपला तर सरकारनंच करून दिला. वीर न्यायला घरातलं पोरगं लागतं. माझ्या पोटी एकटी हौसा. मग मीच पदरात घेऊन पवनेवर जायची. भावकी म्हणाली, "बाईमाणसानं वीर न्यायचा व्हय?" म्हटलं, "तुमी नेता का? न्हाई ना? मग गप बसा." दरसाल चिंच आन् राख लावून लख्ख घासला, आंघोळ घातली, गूळ-भाकर दाखवली. दहा वर्षं मी हे केलं, सरुबाई. तुझ्या गेणूला.

कळलं ते असं. मी खंडाळ्याच्या बंगल्यांवर तूप घालते. तिथं पेस्तनशेट म्हणून म्हातारा पारशी हाय. त्याला जुन्या बारक्या चिजांचं वेड. कपाटात खणावर खण, खणात मखमल. हस्तिदंती डब्या, नखाएवढ्या तसबिरी, कुणाकुणाच्या घरचे टाक, आन् बिल्ले तर विचारूच नको. मला प्रत्येक खेपेला दाखवायचा आन् म्हणायचा, "बोल बाई, असा कुठे बघितला काय?" मला राग आला. म्हटलं, माझ्याही घरात हाय. आन् पुढच्या खेपेला पदराच्या गाठीत बांधून घेऊन गेले.

त्यानं डोळ्याला भिंग लावलं आन् ओरडलाच. "अरे बाई, काय केला तू! राजाचा नाक घासून टाकला!" 

म्हटलं, "माझा माणूस हाय. मी घाशीन न्हाईतर पुशीन."

मग कड फिरवून वाचली त्यानं. "तुझा धनी गेणू काय?"

"गेणू कोण? अंबाजी."

"अंबाजी? तो तर माज्याकडे हाय नी. इंदुरीचा पोऱ्या घेऊन आलेला. सोपान का कायतरी. बापाचा हाय बोलला."

त्यानं खालचा खण ओढला. मखमलीत माझा अंबाजी निजलेला. काळा ठिक्कर. शेट घासू देत न्हाई कुणाला, घासलं की किंमत जाते म्हणतो. दहा वर्षांत ह्याच्या अंगाला कुणी पाणी लावलेलं न्हाई. तू तरी लावलंवतंस का, ते तुझं तुला ठाऊक.

शेट माणूस वाईट न्हाई, पण हट्टी. म्हणाला, "सोप्पा हाय. तो दे, हा घे. हातोहात." मी गेणूला मेजावर ठेवला. शेटनं अंबाजी काढला. हातभर अंतर राहिलं व्हतं. मग मी गेणूवर हात ठेवला आन् परत गाठ मारली. का, ते मला शेटनं विचारलं आन् मी सांगितलं न्हाई.

तुला सांगते, कारण तुझा माणूस हाय. रोज सांजेला दिवा लावला की मी त्याच्याशी बोलते. हौसाला देवी आल्या तवा त्याच्याशीच भांडले, तिचं लगीन ठरलं ते पहिलं त्यालाच सांगितलं. माझ्या घरातलं सगळं गेणूला ठाऊक हाय. अंबाजीला काहीच न्हाई. आन् अंबाजीचं तोंड आठवाया गेले तर आता नाक दिसत न्हाई, डोळे दिसत न्हाईत, नुसती घासलेली चांदी दिसते. असल्या माणसाला मी खणात लोटू कशी? तूच सांग.

म्हणून शेटला म्हटलं, अदलाबदल न्हाई. जो बिल्ला सोपानचा नव्हताच तो त्यानं दिलाच कसा? शेटनं अंबाजी परत मखमलीत ठेवला आन् खण ढकलला. मग म्हणाला, त्या पोऱ्याची आई इथं येऊन माज्या तोंडावर बोलली की हा आमचा न्हाई, चुकून दिला, तर खण उघडतो. त्यानं सोपानला जे दिलं ते मी तुपात फेडीन, त्याची काळजी करू नको.

सोपानला मारू नको. आपण आपलाच बाप दिला असं त्याला वाटलं. का तूच धाडलंवतंस? डोळ्यांपुढं नको म्हणून? बाया तशाही असतात. मी विचारत न्हाई. पण गेणू तुला नकोच असंल तरी तसं तोंडानं सांग. मग तो हितंच राहील, अंबाजीशेजारी. दोन घोडे झाले म्हणून देव्हारा मोडत न्हाई. हवा असंल तर ह्या धुळवडीला तू त्याला इंद्रायणीवर ने. मी अडवायची न्हाई. घासून देते, तसाच घेऊन जा.

दोन्हीत तुला खंडाळ्याला यावंच लागंल. शेटसमोर उभं राहून एक वाक्य बोलायचं हाय, फाशी जायचं न्हाई. लाज वाटली तर माझ्या मागं उभी राहा, पण बोल तू. लोणावळ्याच्या ठेसनावर मी घ्यायला येईन. शेटच्या बंगल्यापाशी चढण हाय, माझा हात धर.

ह्या धुळवडीला मला माझा अंबाजी पवनेवर न्यायचाय. हे वरीस मी चुकवणार न्हाई. फाल्गुनातल्या एकादशीच्या आत तुझं उत्तर मला मिळालं पाहिजे, कुठल्या गाडीनं येतेस तेवढंच. न्हाई मिळालं तर बारशीला सकाळी मी गेणूला घेऊन तुझ्या उंबऱ्यावर येऊन बसते, आन् मग तुला त्याच्यादेखत बोलावं लागंल.

अंबाजीच्या घरची,
रतनबाई