उष्टा वाडगा

महाल, नागपूर
१२ ऑगस्ट १९७४

चि. उत्तरास अ. उ. आ.

तुझं पार्सल परवा पोचलं. पोस्टमनने उंबऱ्यावरच उघडायला लावलं, त्याला वाटलं जपानी रेडिओ असेल. आत गवतात गुंडाळलेला मातीचा एक वाडगा, बस! तुझी आई हिरमुसली. मी मात्र लगेच त्यात चहा मागवला. ओठाला छान लागला, चहाही गरम राहिला. पिऊन झाल्यावर आईने रीतीप्रमाणे मागच्या दगडावर फोडला. उष्टं मातीचं भांडं घरात काहून ठेवायचं?

आता कामाचं. इथल्या एका कॉलेजात चित्रकलेच्या लेक्चररची जागा निघाली आहे. अर्ज मी भरून पाठवतो आहे, तू फक्त सही करून परत धाड. दोन वर्षं मातीत हात घातलेस, आता पुरे झालं वं बाई. लोक विचारतात तेव्हा मी कलेचं उच्च शिक्षण म्हणतो. पोरगी मडकी शिकून राहिली, हे काही माझ्या तोंडून निघत नाही. लाज वाटते, खोटं कशाला लिहू?

प्रकृतीला जपावे. आईचे आशीर्वाद यातच आहेत.

तुझ्या सहीची वाट पाहणारे,
बाबा


माशिको, जपान
२९ ऑगस्ट १९७४

ती. बाबांस, शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. वाडग्याबद्दलचं माझं पत्र पार्सलच्या मागून पोचलं असणार, काय करता! दोन वर्षांतल्या माझ्या शेकडो भांड्यांतून गुरुजींनी तो एकच उचलून स्वतःच्या फळीवर ठेवला होता. तोच तुम्हाला पाठवला, कारण मला तुमच्याकडून मागचं अंगण हवं आहे. तिथे भट्टी बांधायची आहे. नोकरी नको.

बाबा, इथे आजोबांच्या वाडग्यात नातू भात खातो. इतका पक्का भाजलेला असतो की धुतला की झालं. आणि आपल्या घरी एका चहात त्याचा निकाल! गुरुजींना सांगितलं तर ते पोट धरून हसले. चहा आवडला का, एवढंच विचारलं. आवडला म्हटल्यावर म्हणाले, मग वाडग्याचं काम झालं. मला हे मुळीच पटलेलं नाही. राग आहे, तो आहेच.

सही पाठवत नाही. तरी माया पातळ होऊ देऊ नये.

तुमची,
उत्तरा


ओआहाका, मेक्सिको
१५ डिसेंबर १९७४

ती. बाबांस, शि. सा. न.

तुमचं दोन ओळींचं पत्र माशिकोहून फिरत फिरत इथे आलं. अंगणात भट्टी नाही, आणि भट्टी झाली तर महालात तोंड दाखवायला जागा उरणार नाही. बरं, वाचलं. आता माझं ऐका.

माशिकोत माझ्याबरोबर शिकणाऱ्या इथल्या एका मैत्रिणीच्या गावी मी आले आहे. इथल्या बाया चाकाशिवाय भांडी घडवतात. एक पालथी थाळी, तिच्यावर दुसरी उताणी, तिच्यात मातीचा गोळा, आणि ती हाताने फिरवायची. चार दिवस माझं एकही धड उभं राहिलं नाही, बाया हसून हसून बेजार! त्या मक्याच्या पोळीसाठी मोठाले मातीचे तवे करतात. काल एकीने पोळी हातावरून तव्यावर सोडली आणि मला आपल्याकडच्या बाया आठवल्या, पालथ्या मडक्यावर हातभर लांब पोळी टाकणाऱ्या. आगीवर तडकत नाही असं ते मडकं कसं घडवतात, हे मला नागपूरच्या मुलीला ठाऊक नाही. इतकी शरम वाटली!

जपानी वाडगा दाखवून मी तुमच्याकडून मान मागत होते. ती माझीच चूक. आता मला आपल्या धोंडबा कुंभारापाशी बसायचं आहे, ज्याचे माठ आपण दर उन्हाळ्यात आणतो. मार्चमध्ये येते. अंगण दिलंत तर तिथे, नाही तर धोंडबाच्या आवारात. काम मात्र हेच, आणि ते मला जमणार आहे.

रागवा, पण जेवण सोडू नका.

उत्तरा


महाल, नागपूर
८ फेब्रुवारी १९७५

चि. उत्तरास अ. उ. आ.

खरं ते लिहितो. धोंडबाकडे मी गेलो ते तुला थारा देऊ नको, असं बजावायला. त्याने खाटेवर बसवलं, चहा दिला. तुझं पत्र मी वाचून दाखवलं तर म्हणाला की त्याची स्वतःची पोरं चाकाला हात लावत नाहीत, आणि साहेबांची पोरगी समुद्रापलीकडून त्याचं मडकं शिकायला येऊन राहिली! म्हाताऱ्याचे डोळे भरले. जे बजावायला गेलो होतो ते न बजावताच मी चहा संपवून उठलो.

घरी आलो, तुझ्या आईला सांगितलं. ती म्हणाली, अंगणातली सरपणाची खोली पाडा, भट्टीला जागा लागेल. तिला हे केव्हाचंच पटलेलं होतं, विचारलं कोणी नव्हतं.

काल भट्टीच्या परवानगीसाठी कॉर्पोरेशनमध्ये गेलो. तिथला कारकून कृष्णकांत माझ्याच हाताखाली शिकलेला. माझा मान राखायचा म्हणून तुझ्या नावापुढे धंद्याच्या रकान्यात तो कलाकार लिहायला लागला. मी पेन काढून घेतलं, स्वतःच्या अक्षरात कुंभारकाम असं लिहिलं आणि त्याला मोठ्याने वाचायला लावलं. रांगेत महालातले चौघे उभे होते. त्यांनीही ऐकलं.

लवकर ये.

तुझे,
बाबा