पुढच्या टोलवर भेटू

२२ फेब्रुवारी, रविवार

वही उशिरा सुरू करतोय, माफी असावी. पतपेढीने जानेवारीतच दिली होती. पण पहिल्या पाच पानांवर बायकोने, रतनने, गॅसवाल्याचा नंबर, लोणच्याचं प्रमाण आणि तिच्या बहिणीचा नवा पत्ता लिहून ठेवला. नंतर थंडी होती. नंतर चष्मा सापडेना. माफी कोणाकडे मागतोय ते कळत नाही, पण मागून ठेवलेली बरी.

आज ठरवलं. कॉम्प्युटर बनवायचा. तयार घ्यायचा नाही. एकेक पार्ट आणून स्वतः जोडायचा. गेम खेळायचा कॉम्प्युटर.

कारण गोपीनाथ. एकोणतीस वर्षं कंपनीत मी फिटर आणि तो माझा हेल्पर. पाना कसा धरायचा ते मी शिकवलं त्याला. आता तो ठाण्याला वर्तकनगरमध्ये तिसऱ्या मजल्यावर असतो, लिफ्ट नाही. मी डोंबिवलीत, लिफ्टवाल्या सोसायटीत. त्याच्या छातीमुळे डॉक्टरने जिना बंद केलाय. माझा जिना माझ्या दम्याने बंद केलाय. तो खाली येत नाही, मी वर जात नाही. गणपतीनंतर भेट नाही.

त्याच्या मुलाने, संदेशने, त्याला असा कॉम्प्युटर जोडून दिला. त्यावर ट्रक चालवायचा गेम आहे. रिटायर झाल्यावर दोघांनी ट्रकने मालवणपर्यंत जायचं, असं आमचं कॅन्टीनमध्ये ठरलेलं. ट्रक कोणाचा, तेवढं ठरायचं राहिलं. आज फोनवर म्हणाला, भाऊ, तुम्हीपण मशीन बनवा, दोघं दोन गाड्या काढू, गेममध्ये मी जर्मनीत आहे.

मग म्हणाला, तेवीस मार्चला माझं बायपास आहे, त्याच्या आधी एक खेप मारू. नंतरचं नंतर.

मी म्हणालो, बायपासला काय होतंय रे, आजकाल भाजी आणल्यासारखं करतात.

फोन ठेवल्यावर बीपीची गोळी घेतली की नाही ते आठवेना. घेतली. मग आठवलं, आधी घेतलेली.

संकल्प: पाडव्याला, म्हणजे १९ मार्चला, मशीन चालू.

२४ फेब्रुवारी

संदेशने यादी पाठवली. सात ओळी. खाली लिहिलंय, काका, यातलं एक पण बदलू नका, सगळं एकमेकांना जुळणारं आहे.

मला सांगतो. याच्या बारशाला पाळण्याचा हूक मी ठोकला होता. कंपनीत आम्ही बारा एमएमच्या जागी अर्ध्या इंचाचा बोल्ट वर्षानुवर्षं चालवला. कुठे काही गळलं नाही. (एकदा गळलं. तो विषय वेगळा.)

शाळा सातवीपर्यंतच झाली, पण फिटिंग ते फिटिंग. पाइप असो नाही तर कॉम्प्युटर.

२८ फेब्रुवारी, शनिवार

कल्याणला दुकानात. मालक ऋतुराज, तीस-बत्तीसचा, दाढीवाला. यादी वाचून म्हणाला, लिस्ट मस्त आहे काका, कोणी केली? मी म्हणालो, मीच. मग त्याने सॉकेटबद्दल काहीतरी विचारलं. मी म्हणालो, तीन पिनवालं. त्याने यादी परत पहिल्यापासून वाचायला घेतली. छाप पडली.

बोर्ड, प्रोसेसर, पॉवर सप्लाय आणि ग्राफिक्स कार्ड घेतलं. कार्ड विटेएवढं आहे. रिक्षात मांडीवर धरून आणलं. दर खड्ड्याला जीव वर.

रॅमचा स्टॉक नव्हता. कॅबिनेट, म्हणजे ज्यात सगळं बसवायचं तो डबा, यादीत होता तो फार मोठा वाटला. टीव्हीच्या बाजूच्या कप्प्यात मावणार नाही. लहान घेतला. ओळ सहा बदलली. डबा तो डबा.

१ मार्च

आज काही केलं नाही. पाठ. गोपीनाथने फोटो पाठवला, निळा ट्रक, दिव्याच्या खांबाखाली. खाली लिहिलंय, कधी येताय? उत्तर दिलं, साठ टक्के झालं.

झालं म्हणजे खोकी उघडली.

५ मार्च

कार्ड डब्यात बसत नाही. दोन बोटं लांब आहे. डबा चुकीचा बनवलाय. कंपन्यांना हल्ली माप राहिलेलं नाही.

रतन म्हणाली, मोठा डबा आणा ना मग. मी म्हणालो, तुला यातलं कळत नाही. ती म्हणाली, मला डब्यातलं कळतं, चाळीस वर्षं तेच केलं. रव्याच्या डब्यात पोहे कोंबले तर झाकण लागत नाही.

गोपीनाथचा फोटो. तोच ट्रक, तोच खांब. नुसता भाव खातो. माझा हेल्पर जर्मनीत फिरतोय आणि मी इथे डब्यापुढे बसलोय.

८ मार्च, रविवार

हॅक्सॉ काढली. बाल्कनीत बसून डब्याच्या आतली पट्टी कापली. सोसायटीचे सेक्रेटरी बाबुराव खालून ओरडले, ओ फिटर, रविवारचं काय कापताय? मी वरून सांगितलं, कॉम्प्युटर. ते बराच वेळ मान वर करून उभे राहिले, मग घरात गेले.

कापलेल्या कडेवर कानस मारली. बोट फिरवून बघितलं, लोण्यासारखी. कार्ड अलगद बसलं.

संदेशला हे सुचलं नसतं. त्याने सरळ मोठा डबा सांगितला. त्यात डोकं कुठे लागतं?

गोपीनाथला कळवलं, ऐंशी टक्के. त्याने भाऊ जिंदाबाद असा आवाज पाठवला. मध्ये दोनदा दम लागला त्याला. चारदा ऐकला मेसेज. जिंदाबाद नीट म्हणालाय.

१२ मार्च

ऋतुराजला फोन. यादीप्रमाणे पाच नंबरची रॅम हवी, डीडीआर-फाइव्ह. म्हणाला, माल नाही काका, सगळीकडे टंचाई आहे, वीस तारखेपर्यंत येईल, थांबा. वीसला पाडवा होऊन जातो. मी काय म्हणून थांबू?

इथेच स्टेशनजवळ एक रिपेअरवाला आहे, त्याच्याकडे चार नंबरची होती. त्याने विचारलं, बोर्ड कुठला आहे? मी म्हणालो, एक नंबर आहे. दिली त्याने.

चार आणि पाचमध्ये फरक किती? एक.

१५ मार्च

प्रोसेसर बसवला. अंगात सुती बनियन, पायात रबरी चप्पल, कारण स्टॅटिक करंट असतो म्हणतात. रतनला नायलॉनची साडी बदलायला लावली. ती बदलून आली आणि म्हणाली, माहेरच्या लग्नात पण माझ्या साडीकडे एवढं लक्ष नव्हतं तुमचं.

झोपताना काळजी, प्रोसेसर उलटा तर नाही? उठून बघितलं. सरळ आहे. गॅसचा कॉक पण बघितला.

१७ मार्च

रॅम बसत नाही. तिच्या खाली एक खाच असते आणि बोर्डाच्या खोबणीत एक दांडी. खाच दांडीवर यायला पाहिजे. येत नाही. दोन मिलिमीटर बाजूला.

दोनच मिलिमीटर.

गोपीनाथचा फोन. आवाज बारीक झालाय. म्हणाला, घाई नाही भाऊ, तुमचं काम पक्कं असतं, मला माहीत आहे. मी म्हणालो, शेवटचं पॅकिंग टाकतोय. म्हणाला, आठवतं का भाऊ, त्या पाइपाच्या फ्लँजला माप चुकलेलं आणि तुम्ही कानशीने आणलंत जाग्यावर?

आठवलं.

१८ मार्च

बारीक कानस. चष्म्यावर रतनचा सुई ओवायचा चष्मा. रॅमची खाच दोन मिलिमीटर रुंद केली. हात एकदम स्थिर. सबंध वर्षात नव्हता एवढा. बुरादा जुन्या टूथब्रशने झाडला. खोबणीत ठेवली, अंगठ्याने दाबली. खट् आवाज झाला.

पंचाण्णव टक्के, कळवलं.

कंपनीत असतो तर साहेबाला बोलावून दाखवलं असतं.

१९ मार्च, पाडवा

सकाळी गुढी. नंतर मशीनला हळदकुंकू, एक फूल. श्रीखंड फ्रिजमध्ये. रतन हात जोडून मागे उभी. ११.२० ला बटण दाबलं.

पंखा फिरला. एक फेरा पूर्ण, दुसरा अर्धा. मग चट् असा आवाज, जळल्याचा वास आणि सगळ्या घरातली लाइट गेली.

रतन म्हणाली, झाला का चालू?

मेन स्विच वर केला, लाइट आली. मशीन नाही. कोणाची दृष्ट, किंवा पॉवर सप्लाय. गोपीनाथला काय सांगणार. अठ्ठ्याण्णव टक्के सांगितलं. तो म्हणाला, वा. त्याच्या घरची पुरणपोळी त्याला बंद आहे, नुसती बघितली म्हणाला.

२० मार्च

डबा चादरीत बांधून कल्याणला. ऋतुराजने रॅम बाहेर काढली, भिंगातून बघितली. खूप वेळ बघितली.

काका, ही खाच कोणी केली?

अशीच आली, मी म्हणालो. कंपनीतून.

कंपनीत कानस मारतात का?

त्याने मला समोर बसवून सांगितलं. चार नंबरची पाच नंबरच्या बोर्डात बसू नये म्हणूनच ती दांडी मुद्दाम बाजूला ठेवलेली असते. दोघींना करंट वेगळा. रॅम गेली, बोर्ड पण गेला. वर त्याने डब्याची कापलेली कड बघितली, तिच्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, हे काम मात्र सुंदर आहे काका. कोणी केलं?

मी चादरीची गाठ मारायला घेतली.

निघताना म्हणाला, पाच नंबरची आजच आली. नवीन बोर्ड पुढच्या गुरुवारी. गुरुवार म्हणजे सव्वीस. बाकीचे पार्ट त्याच्याकडेच तपासायला ठेवले, रिकामा डबा घेऊन आलो.

२१ मार्च, शनिवार

रतनला सगळं सांगितलं. वाटलं ओरडेल. तिने चहा दिला आणि म्हणाली, तीनच मजले ना त्याचे? महिनाभर दिवसाला दोन पायऱ्या चढला असतात तरी आज त्याच्या दारात असतात.

मी म्हणालो, उद्या गेलो असतो, पण रविवारी मेगाब्लॉक असतो.

रिक्षाला कुठे असतो मेगाब्लॉक?

ऊन पण आहे. आणि ऑपरेशनच्या आदल्या दिवशी माणसाकडे गर्दी करू नये.

२२ मार्च, रविवार

नाही गेलो. सकाळपासून छाती भरल्यासारखी.

संध्याकाळी सहाला गोपीनाथचा फोन. म्हणाला, उद्या सकाळी हॉस्पिटलात नेतायत. झालं का शंभर टक्के?

मी हो म्हणालो. कसं आलं तोंडातून माहीत नाही.

तो ओरडलाच. म्हणाला, मग काढू का गाडी? महिना झाला भाऊ, यार्डात उभी आहे. संदेश म्हणत होता, बाबा, निदान एक चक्कर तरी मारा. मी म्हटलं, फिटर आल्याशिवाय हेल्पर गाडी सोडत नाही.

म्हणजे तो कुठे गेलाच नव्हता. रोज तोच खांब.

म्हणाला, पण तुमची गाडी दिसत नाही मला इथे.

तेव्हा तरी खरं सांगायचं होतं. मी म्हणालो, मी पुढे निघालोय. पुढच्या टोलवर भेटू.

तो म्हणाला, आलोच.

२३ मार्च, सोमवार

सकाळी ७.३०. मोबाइलवर गोपीनाथचा मेसेज, काल रात्री पावणेनऊचा. मी फोन बंद करून ठेवलेला. लिहिलंय, भाऊ तुम्ही फार पुढे गेलात. मी पहिल्या टोलवर थांबतो. हॉर्न मारा.

८.१५. संदेशचा फोन, हॉस्पिटलातून. म्हणाला, बाबांनी काल अडीच तास गाडी चालवली, पहिल्यांदाच. दोन खांब पाडले. प्रत्येक लाल ट्रकला हॉर्न मारत होते. हसत होते खूप. म्हणाले, भाऊ कायम पुढेच असतात, मला सवय आहे. काका, तुमची गाडी लालच ना? बाबा म्हणाले, तुम्ही लालच घेणार.

हो म्हणालो. लाल.

९.००. आत नेलं. संदेश म्हणाला, आज कोणाला भेटू देत नाहीत, उद्या या. पाचव्या मजल्यावर आहे.

मी विचारलं, जिना कसा आहे? म्हणाला, लिफ्ट आहे काका.

१.००. अजून आतच. भाजी आणायला एवढा वेळ लागत नाही.

२.००. जेवलो नाही. रतनने ताट झाकून ठेवलंय. ती पण जेवलेली नाही. डबा टीव्हीच्या कप्प्यात आहे. बरोबर मावलाय. कापलेली कड दिसते. आत काही नाही.

३.४०. गोप्या, खरं सांगतो, मी पुढे नाही. मी निघालोच नाही. डोंबिवलीतच आहे. माझ्याकडे लाल पण नाही आणि कुठलीच गाडी नाही. कानशीने खाच मोठी केली. तुझ्या पोराने यादी बरोबर दिली होती. तू टोलवर उभा राहू नकोस आणि मला शोधत आणखी पुढे पण जाऊ नकोस. तिथेच गाडी वळव. तुला वळवता येत नसेल तर तशीच बंद कर आणि उतर. उद्या मीच येतो, लिफ्टने.

हे वहीत लिहून तुला कसं कळणार? पण तू शुद्धीवर आलास की लगेच फोन कर. बोलता येत नसेल तर संदेशला नुसता मिस्ड कॉल द्यायला सांग. एक रिंग पुरे. फोन चार्जिंगला लावून शेजारी बसलोय.