साबणवालीच्या हाती वखार

तीर्थरूप वन्सं,

वाकून नमस्कार. (गुडघे हल्ली अर्ध्यातच थांबतात. उरलेला नमस्कार मनाने पुरा केला आहे, तो पोचला असं समजावं.) तुमची पाठ कशी आहे? डॉक्टरांनी दिलेला पट्टा तुम्ही कमरेला बांधता की खुर्चीला, ते तुमच्या सुनेला विचारून खरं कळवा. इकडे आम्ही सगळे ठीक. माझ्या चष्म्याचा नंबर वाढला. कारण वय नसून आडवं पडून वाचणं आहे असं डोळ्यांचा डॉक्टर म्हणाला. मी वाद घातला नाही, कारण दोन्हींपैकी हेच कारण मला आवडलं.

तुमचं पत्र मिळालं. टाइलवाला पुन्हा तुमच्याकडे येऊन गेला, त्याला वखारीच्या जागेवर गोदाम बांधायचं आहे, जागेत निम्मा वाटा तुमचा आहे आणि तुम्ही आता हो म्हणायच्या बेतात आहात, एवढं कळलं. वर तुम्ही लिहिता, "माझ्या वडिलांची वखार साबण विकणाऱ्या मुलीच्या हाती गेली, आता तिचं काय व्हायचं शिल्लक आहे? एका ओळीत उत्तर दे." वन्सं, एका ओळीत उत्तर द्यायला मी तुमचा भाऊ नाही. हे जन्मभर एका ओळीत बोलले, आणि तीही निम्मी गिळून. त्यांच्या वाटणीचं बोलणं माझ्याकडे साचून राहिलं आहे, तेव्हा जरा बसून वाचा.

सूनबाई साबण विकायची हे खरं आहे. कंपनीची नोकरी, गळ्यात ओळखपत्र, पायाला भिंगरी, आणि कुठल्याही दुकानदाराला या साबणाशिवाय आपला जन्म फुकट गेला असं वाटायला लावायचं कसब. हे गेल्यावर तुमच्या भाच्याने वखार उघडी ठेवली खरी, पण तो पडला बापाच्या वळणाचा. लाकूड सगळं कळतं, माणूस समोर आला की तोंडाला कुलूप. ह्यांची पद्धत तुम्हाला ठाऊकच आहे. गिऱ्हाईक पाकीट काढून उभं असायचं आणि हे फळीवर बोटं वाजवून ऐकत बसायचे. मग म्हणायचे, "हिच्यात अजून पाणी आहे. उन्हाळा जाऊ द्या, मग या." गिऱ्हाईक म्हणायचं, "अहो, मला दार आत्ता बसवायचंय." हे म्हणायचे, "तोवर पडदा लावा." (एका गृहस्थांनी खरोखरच पडदा लावला आणि उन्हाळा सरल्यावर दार न्यायला परत आले. पण असा गृहस्थ तेवढाच.) बाकीचे सरळ समोरच्या प्लायवुडवाल्याकडे. भाच्यानेही तोच नेम चालू ठेवला, आणि वखारीत अशी शांतता पसरली की लाकडातला किडा कुरतडताना ऐकू यावा. तेव्हा सूनबाईने नोकरी सोडली आणि मला म्हणाली, "आई, आता मी बघते."

तिने पहिलं काम काय केलं असेल, तर लाकूड धुतलं.

पत्र खाली ठेवू नका. झालं असं की तिला फोनवर गिऱ्हाइकांना दाखवायला फोटो हवे होते. साबणाच्या धंद्यात माल चकाकला नाही तर तो माल नव्हे. तेव्हा तिने हमालाच्या हातात पाण्याची नळी दिली आणि वखारीतल्या सगळ्यात सुकलेल्या, विकायला तयार असलेल्या फळ्या न्हाऊ घातल्या. (साबण लावला नाही, हे तिच्या बाजूने सांगायलाच हवं.) मग थप्पी फोटोत सरळ दिसावी म्हणून दर दोन फळ्यांमधल्या बारीक पट्ट्याही काढून टाकल्या. त्या पट्ट्या मधून वारा खेळावा म्हणून असतात हे तुम्ही लहानपणापासून जाणता, ती बिचारी त्यांना कचरा समजली. तुमचा भाचा माल बघायला बाहेरगावी गेला होता. तो परत येईपर्यंत फोटो फार सुंदर आले होते, आणि एकमेकींना चिकटून बसलेल्या ओल्या फळ्यांवर काळे डाग पडून त्या पिळलेल्या टॉवेलासारख्या झाल्या होत्या.

तो थप्पीसमोर उभा राहिला. "धुतल्या?"

"धुतल्या."

"का?"

"फोटोसाठी."

"बरं," म्हणाला, आणि चहा प्यायला आत निघून गेला. मला तर हेच उठून आल्यासारखं वाटलं.

आता माझं ऐका. दुसरी एखादी असती तर हमालावर ढकललं असतं, नाहीतर माहेरी फोन लावून बसली असती. हिने सगळ्यांना बोलावून सांगितलं, "चूक माझी आहे. थप्पी पुन्हा लावायची, आणि मीही उचलणार." आणि उचलल्या. एक बाजू तिने धरली, एक हमालाने. संध्याकाळी तिच्या तळहातांत शिरलेली कुसळं मी चिमट्याने काढली. इतक्या वर्षांच्या सवयीने माझा हात त्यात बसलेला आहे. ती हूं की चूं करेना, उलट विचारत होती, "आई, सागाचं कुसळ आणि आंब्याचं कुसळ वेगळं टोचतं का हो?" वन्सं, एवढ्या वर्षांत मला हे सुचलं नव्हतं. ह्यांच्या कपड्यांतला भुसा मी जन्मभर कुरकुरत झाडला. आता चादर झाडते तर काही पडत नाही. तिच्या ओढणीतून त्या दिवशी पडला, आणि मी केर उगाच थोडा उशिराने काढला.

फोटोंनी मात्र काम केलं. माणसं येऊ लागली, आणि विकायला सुकं लाकूड नाही. त्यात सूनबाईने वखारीच्या तोंडाशी नमुन्याचं घर उभं केलं होतं. घर म्हणजे एक दार, एक खिडकी, थोडी लाकडी जमीन आणि वर जाऊन हवेत थांबणारा जिना. तुम्ही हसाल, आम्हीही हसलो. पण गल्लीतले पेन्शनर आजोबा रोज सकाळी तो जिना चढू लागले. ती म्हणाली, "आजोबा, वर काही नाही, हा नमुना आहे." ते म्हणाले, "माझ्या घरी वर मुलगा राहतो, तो खाली बघत नाही. इथे वर कोणी नाही, तेच बरं आहे." आणि पेपर उघडून बसले. मला वाटलं ती त्यांना उतरवणार. तिने चहा पाठवला. गिऱ्हाइकं बघायची, एवढे जाडजूड गृहस्थ तासन् तास बसतात आणि जिना हूं म्हणून वाजत नाही. जिन्यांच्या मागण्या खिडक्यांच्याही पुढे गेल्या. (आजोबांना हे कळल्यावर त्यांनी बिस्किटंही मागितली. दिली.)

मी नमुन्याच्या खिडकीत बसते. उजेड चांगला पडतो आणि वाचायला बरं वाटतं, माझा दुसरा काही हेतू नाही. एकदा एक जोडपं आलं. माझ्याकडे बोट करून नवरा म्हणाला, "खिडकी अशीच हवी. खुर्ची पण हीच. या बाईसुद्धा मिळतात का?" बायको म्हणाली, "घरात एक सासू आहे तेवढी पुरे." मी पान उलटलं. नमुन्याने बोलू नये एवढं मलाही कळतं.

पण गंमत बाजूला ठेवू. पसंत पडलेलं लाकूड हातात द्यायचं कुठून? तुमचा भाचा प्रत्येकाला सांगत होता, "ओलं आहे, मग या." सूनबाई दिवसभर माणसं गोड बोलून आत आणायची, हा संध्याकाळपर्यंत त्यांना बाहेर घालवायचा. एकदा जेवताना तिचा संयम सुटला. "तुम्हाला विकायचं आहे की नाही?" तो म्हणाला, "विकायचंय. सुकल्यावर." ती ताट तसंच ठेवून उठली आणि त्या कुठेच न जाणाऱ्या जिन्यावर जाऊन बसली. मी म्हटलं, संपलं, आता ही साबणाकडे परत जाणार, आणि टाइलवाल्याचं फावणार. खरं सांगते, त्या वेळी तुमचं पत्र आलं असतं तर मी एका ओळीत उत्तर देऊन मोकळी झाले असते.

सकाळी बघते तर वखारीच्या दारावर पेंटर शिडीवर, आणि ही खालून सांगते आहे. पाटी अशी: "ओलं लाकूड आम्ही विकत नाही. थांबायची तयारी असेल तरच आत या." मी म्हटलं, "अगं, गिऱ्हाइकाला हाकलायची पाटी कोणी लावतं का?" ती म्हणाली, "आई, बाबा जन्मभर हेच सांगत होते. फक्त हळू आवाजात, आणि एकेकालाच. मी तेच मोठ्याने सांगते आहे." वन्सं, मी एवढी पुस्तकं वाचली, पण ह्यांचा स्वभाव असा दोन ओळींत मला कोणी वाचून दाखवला नव्हता. मी आत जाऊन भांडी घासली. घासलेलीच होती, पुन्हा घासली.

आणि लोक थांबायला तयार झाले. गंमत अशी की ज्यांना हे "मग या" म्हणायचे ते चिडून जायचे, आणि पाटी वाचून आलेले मात्र, आम्हाला रांगेत घ्या, म्हणू लागले. प्लायवुडवाला येऊन पाटी दोनदा वाचून गेला. त्याच्या बायकोने घराचं दार आमच्याकडेच सांगितलं आहे. (त्याला अजून माहीत नाही. तुम्हीही बोलू नका.)

मग वाचनालयाची मंडळी आली. नव्या इमारतीत पुस्तकांची कपाटं, खिडक्या आणि मोठं दार, सगळं एकाच ठिकाणाहून घ्यायचं त्यांच्या मनात. जुन्या इमारतीत ओल्या लाकडाची कपाटं पिळून दारं लागेनाशी झालेली, म्हणून पाटी त्यांच्या फार मनात भरली. पण थांबायला ते तयार नाहीत, कारण पुस्तकं पोत्यांत भरून पडली आहेत आणि उंदरांनी वाचायला सुरुवात केली आहे. सूनबाईने मला सांगितलं, "आई, हे काम मिळालं तर वखार उभी राहते. हातचं गेलं तर मी आत्यांना काय तोंड दाखवू?" म्हणजे तुम्हालाच. तुमच्यावर तिचा राग नाही, तुमची भीती आहे. अध्यक्षांनी हळूच विचारलं, "थोडं ओलं चालवून घेतलं तर?" काम हातचं चाललेलं, आणि तरी ही म्हणाली, "पाटी माझीच आहे हो, ती मी वाचलेली आहे." तुमचा भाचा मागे उभा होता. तो हसला. लग्नातसुद्धा तो इतका हसला नव्हता, फोटो काढून बघा.

शेवटी सुकं लाकूड मिळालं आणि काम आमच्याकडे आलं. करवत सुरू आहे, सुतार दोन जास्तीचे लावले आहेत. वाचनालयाचं पहिलं कपाट बघायला मी गेले होते. दार लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. आवाज नाही. फळीवर बोटं वाजवून बघितली. काय ऐकायचं असतं ते मला कळत नाही, तरी ऐकलं.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं, की वखार योग्य हातांत आहे. ते हात तुमच्या वडिलांचे नाहीत, ह्यांचेही नाहीत, पण त्यांत कुसळं तीच आहेत. बाकी सर्व क्षेम. पाठीला शेक देत जा. तुमच्या सुनेला माझा आशीर्वाद, नातवंडांना पापे, आणि तुमच्या रागाला थोडी विश्रांती सांगा.

तुमची भावजय

ता. क. वाचनालयाचं सुकं लाकूड कुठून आलं ते लिहायचं राहिलं. मागच्या छपरात ह्यांनी तुमच्या घरासाठी म्हणून सागाची थप्पी राखून ठेवली होती, आठवतं? तुम्ही दरवर्षी म्हणायचात, पुढच्या वर्षी बांधायला काढते. हे दरवर्षी पट्ट्या बदलायचे आणि फळ्या उलटून ठेवायचे. कोणी मागितली तर म्हणायचे, "ती ताईची आहे." तुम्ही आता मुलाकडे चौथ्या मजल्यावर राहता, तिथे दारं लोखंडाची. तेव्हा ती थप्पी वाचनालयाला वापरायला तुमची परवानगी असावी, एवढी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहिलं.

ता. क. दुसरा. परवानगी लवकर पाठवावी, कारण थप्पी कापून झाली आहे.

ता. क. तिसरा. सूनबाईला हे माहीत नाही. तिने विचारलं, "आत्यांना विचारलंत का?" मी म्हटलं, "त्यांनीच देऊ केली." तेव्हापासून ती तुमचं इतकं कौतुक करते की मलाही ते हळूहळू खरं वाटू लागलं आहे. टाइलवाला मागच्या आठवड्यात इथे आला होता, त्यालाही तिने तोंडावर सांगितलं, "ज्यांनी स्वतःच्या घराचं लाकूड पुस्तकांना दिलं, त्या वखार विकतील होय?" तो तोंड पाडून गेला. पुन्हा तुमच्याकडे आला, तर तुम्ही नाही म्हटलेलंच आहे, हे लक्षात असू द्या.

ता. क. शेवटचा. वाचनालयाच्या दारावर आभाराची पाटी लागली आहे. त्यावर तुमचं नाव आहे, एकटीचं. ह्यांचं घालू का म्हणून अध्यक्षांनी विचारलं होतं. मी म्हटलं, नको, ती ताईची आहे. उद्घाटनाला यावं लागेल. पाठीचा पट्टा बांधून या. अध्यक्षांनी तुमच्यासाठी दोन शब्द राखून ठेवले आहेत, आणि काय बोलायचं ते गाडीतून उतरल्यावर मी तुम्हाला सांगेन.