आधी कहानी, मग नाटक

१३ डिसेंबर, शनि.
इथल्या मराठी नाट्यमंडळाच्या साठाव्या वर्षाचं पहिलं नाटक झालं. चार ठरली आहेत, सगळी जुनी, त्यातली तीन संगीत. ठरवली ह्यांनी, बसवायची मी. हे अध्यक्ष आणि ऑर्गनवर, म्हणजे दोन्हीकडे बसूनच.
हॉल बराच भरला. पण पहिल्या अंकातच कुजबुज. मागून एक जण मोठ्यानं, "क्या बोल रही है वो?" त्याला कोणी समजावून सांगेपर्यंत प्रवेश संपला. या हिंदी मुलखात वाढलेल्या नव्या पोरांना घरातलं मराठी कळतं, पण हे नाटकातलं नाही कळत. जेवले नाही. कंटाळा.

१४ डिसें., रवि.
सकाळी चहावर ह्यांचं डोकं चाललं. प्रत्येक अंकाआधी कोणीतरी पडद्यापुढे येऊन हिंदीत दोन मिनिटं कथा सांगायची. "कोणीतरी" म्हणजे मी. म्हटलं, सारा जन्म शाळेत मराठी शिकवलं, आता मराठी नाटकाची हिंदीत कहानी सांगू? हे म्हणाले, "हो." आणि पेपर वर केला.

२७ डिसें., शनि.
ना. २, विनोदी. सांगितली कहानी. लोक हसले. आयत्या वेळी पदरची दोन वाक्यं घातली, त्यांना जास्तच. दोन मिनिटांची सहा-सात झाली असतील. मध्यंतरात डोईफोडिया गावचा एक शेतकरी बायकोला घेऊन आला. "मॅडम, तुम्हीच सांगा ना पूरी कहानी. मस्त सांगता तुम्ही."
इतकी वर्षं विंगेत उभी राहून दुसऱ्यांच्या टाळ्या ऐकल्या. आज माझ्या वाट्याच्या. फार बरं वाटलं. हे कोणाला सांगणार, इथेच लिहिते.
वंदनाचं काम ठीक. आमची एकुलती गाणारी नायिका. बँकेतून सुटून तालमीला येते, इतवारा मोहल्ल्यात सासर, घरचं सगळं आवरून. तिच्यापेक्षा मला हशा जास्त, असं ह्यांनी येताना गमतीत म्हटलं.

१० जाने., शनि.
ना. ३. काय करून बसले.
शेवटच्या अंकाआधी बोलता बोलता रंगले आणि शेवटही सांगून टाकला. भाऊ कसा मरतो ते, आवाज पाडून, थांबून वगैरे. टाळ्या पडल्या. मग लोक उठले. कहानी कळली, आता बसायचं कशाला? निम्मा हॉल गेला. वंदना शालू नेसून विंगेत उभी होती, तिचं मोठं पद त्याच अंकात. रिकाम्या खुर्च्यांपुढे गायली. चांगली गायली. माझी तिच्याकडे बघायची हिंमत झाली नाही.

११ जाने., रवि.
वं.चा फोन. "काकू, तुम्ही सगळं सांगूनच देता, मग आम्ही कायले उभं राहायचं?"
म्हटलं, लोकांना कळत नाही त्याला मी काय करू.
"नाही समजत तर नाही समजत. गाना तर समजते ना."
शेवटचं नाटक करणार नाही म्हणते. ती नाही तर नाटक नाही. ह्यांना सांगितलं. "तू बोल तिच्याशी." ऑर्गन पुसत बसले. थोड्या वेळानं स्वतःशीच बोलल्यासारखं, "शेवटचं नाटक लोक बसून बघतील तर पुढचं वर्ष करू. नाहीतर पडदे देऊन टाकू कोणाला तरी."
आधी वं.चा राग आला होता. दुपारनंतर स्वतःचा.

१४ जाने., बुध. संक्रांत.
तिळगूळ घेऊन इतवाऱ्यात वंदनाकडे. सासू समोर, म्हणून आधी थंडी, गुडघे, मुलांच्या परीक्षा. सासू चहा टाकायला उठली तशी म्हटलं, कहानी बंद. "पक्का?" पक्कं. "मग करते."
आतून सासू, "अगं, मॅडमच्या किस्स्यासाठीच तर येतो आम्ही." वं.चं तोंड एवढंसं झालं. मला आत कुठेतरी गुदगुल्या. या वयात हे बरं नव्हे.

१९ जाने., सोम.
ना. ४ची तालीम. परदेशी गेलेला नवरा वेष बदलून परत येतो, दार वाजवतो. ती आवाज ओळखते. दार उघडावं की नाही, यावर अख्खा शेवटचा अंक, जवळजवळ सगळा पदांत. रोहित, नवऱ्याचं काम करतो, सिंधीपुऱ्याचा, घरी हिंदी, मराठी घोकून पाठ करतो. म्हणाला, "मॅडम, बिना कहानी के पब्लिक बैठेगी?" म्हटलं, तू तुझं पाठ कर.
बसेल का? मला नाही वाटत. आणि थकलेय इतकी, की नाही बसली तर सुटलो, असंही मनात येऊन जातं. मग रडू येतं.

२४ जाने., शनि.
मेकअपच्या खोलीत बसून लिहितेय. शेवटचा अंक आता सुरू होईल.
पहिले दोन अंक कहानीशिवाय गेले. चुळबुळ होती, काही उठले, बाकीचे बसले. मध्यंतरात निम्मे बाहेर चहाच्या गाडीपाशी. दुसरी घंटा झाली आणि हॉलमधून हाका. आधी एक, मग बरेच. "मॅडम, कहानी!"
वंदना आरशासमोर नथ घालत होती, हात थांबला. म्हटलं, नाही जात, शब्द दिलाय तुला. तिनं नथ नीट बसवली. मग म्हणाली, "जा काकू. इतके बोलवतायत तर जा. फक्त ती दार उघडते का नाही, तेवढं माझ्याकडे राहू द्या."
गेले. नवरा दाराशी आला, तिथपर्यंत सांगितलं. पुढच्या रांगेतून एक बाई, "फिर? खोलती है?"
अगदी ओठांवर आलं होतं. एवढे चेहरे माझ्याकडे बघतायत, हे पुन्हा मिळणार नाही, हे कळत होतं. म्हटलं, "वो वंदना गाकर बताएगी." आणि आत आले. टाळी एकही नाही.
तिसरी घंटा झाली. ह्यांनी सूर धरलाय. वंदना रंगमंचावरच्या दारामागे जाऊन उभी राहिली. बाहेर पावलं वाजतायत, खुर्च्या सरकतायत. लोक आत येतायत की निघालेत, इथून कळत नाही. उठून बघावं तर धीर होत नाही.