मामींनी आणलेली राखी

२ ऑगस्ट, राहू गाव
गावात राहून नाच बसवायची रेसिडेन्सी निम्मी सरली. शाळेच्या हॉलची फरशी गुडघे खाते नुसती. नव्या नाचात माझा आणि नितीनचा ड्युएट. मी डोळे मिटून मागं पडायचं, त्यानं धरायचं. आज दिवसभर पडत होते. एकदाही सुटले नाही. हाताला बामाचा वास येतो त्याच्या.
इथं लिहायला काय जातंय, आवडतो मला. कितीतरी सीझन झाले. बोललेले नाही.

४ ऑगस्ट
सकाळी पाटसला मुलांचा क्लास. जमिनीवर लोळण्याचा सराव. एक आई म्हणाली, ‘लोळायला घरीच लोळतंय की, त्याला क्लास कशाला?’ हसून हसून मेले.
संध्याकाळी घरमालकीण मामी तालीम बघायला. त्यांच्याच माडीवर आम्ही पाच जण राहतो. मामा शाळेच्या कमिटीवर, हॉल त्यांच्या शब्दावर मिळालाय. ड्युएट संपेपर्यंत मामींचा पदर तोंडाला. नंतर भाकरी थापता थापता: ‘पोरी, नाच ग्वाड हाय. पर लोक बोलत्याल गं. तू राखी बांध त्याला, चारचौघींसमोर. मग कुणाची टाप हाय बोलायची!’
मी भाकरी अर्धी टाकून उठले.

६ ऑगस्ट
तेजूताईला सांगितलं. नाच तिनं बसवलाय, म्हटलं तीच काहीतरी मार्ग काढेल. म्हणते, ‘बांध की! नाहीतर मामा ड्युएट काढायला लावतील. आणि भावासारखाच तर आहे.’
भावासारखा! डोंबल.

७ ऑगस्ट
नितीनला सांगितलं, मामी असं असं म्हणतात. तो म्हणाला, ‘हं.’
हं म्हणे. अरे मेल्या, हो म्हण, नाही म्हण! तालमीत मुद्दाम जोरात पडले. धरलंच.

८ ऑगस्ट
मामी बाजारातून राखी घेऊन आल्या. सोनेरी, बशीएवढी. शिवाय त्यानं मला ओवाळणीत घालायला ब्लाऊजपीसही. दोन्हीकडचं त्यांनीच बघितलं. अशा बाईवर रागवायचं तरी कसं?

९ ऑगस्ट, राखीपौर्णिमा
ओसरीवर पाट मांडलेला, आळीतल्या बायका जमलेल्या. मी ताट घेऊन उभी.
नितीन उशिरा खाली आला. दोन्ही हातांना कोपरापर्यंत क्रेप बँडेज.
‘काय रं झालं?’
‘मुरगळलं, मामी.’
‘दोन्ही?’
‘दोन्ही.’
सकाळी याच हातांनी मला खांद्यावर घेतलं होतं! कुणी म्हणालं, ‘पट्टीवरच बांध की.’ मामींनी त्याच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. माझे कान तापले. ‘राहू दे,’ म्हणाल्या, ‘सुजंल हात. बरं झाल्यावं बांधंल.’ राखी देव्हाऱ्यात ठेवली.
जेवण गेलं नाही. आनंदानं.

१२ ऑगस्ट
मामींसमोर पट्टी, हॉलमध्ये नाही. बावळट. बोलत मात्र काहीच नाही. मीही नाही. घाबरट दोघं.

१५ ऑगस्ट
शो झाला. ड्युएट कायम राहिला, मामींनीच मामांना गप्प केलं म्हणे. हॉल भरलेला, खिडक्यांतही माणसं. मी पडले, त्यानं धरलं, मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं. पहिल्या रांगेतून मामींनी वळून असं बघितलं की पुढं शेवटापर्यंत चिडीचूप.
नंतर माझ्या कानात: ‘हात लवकर बरं झालं गं त्याचं.’

१६ ऑगस्ट, टेम्पोत
पुढचा शो पाबळला. निघताना मामींनी शेंगदाण्याचे लाडू दिले, ब्लाऊजपीसही. वर ती राखी माझ्या पिशवीत टाकली. ‘बांधायची आसंल तर बांध. न्हाईतर मला फोन कर. तुझ्या आईशी मी बोलते.’
गळ्यात पडून रडले. खुळी बाई. म्हणजे मी.
नितीन शेजारी बसलाय. मघाशी विचारलं, ‘पिशवीत काय चमकतंय?’
म्हटलं, ‘राखी.’
दोन्ही हात काखेत घालून बसलाय तेव्हापासून.
शिक्रापूरला चहाला थांबणार आहोत. तिथं विचारते. विचारतेच.