डाव्या बाजूची खुर्ची

३ मार्च, मंगळवार

फौजदारांनी आज पुन्हा अर्धंच ताट खाल्लं. उजवीकडचं चाटूनपुसून साफ, डावीकडचं जसंच्या तसं. वर आरडाओरडा – "एवढंसं वाढता? माणसं जगवायचीत की मारायचीत?" धाकटी नर्स तक्त्यावर 'भूक कमी' लिहायला निघाली होती. म्हटलं, थांब गं! ताट फिरवलं. दोन मिनिटांत उरलेलंही फस्त.

भूक कसली कमी! पक्षाघाताच्या झटक्याने त्यांच्या लेखी डावी बाजूच पुसून टाकलीये. डोळे ठणठणीत, पण डावीकडे काही असतं हेच डोक्यात येत नाही. स्वतःचा हात नाही, भिंत नाही, माणूस नाही. (फौजदार हे आम्ही ठेवलेलं नाव. गोदामावर मुकादम होते, पण हुकूम सोडतात ते ऐकावेत!)

५ मार्च, गुरुवार

आज कामं बाजूला ठेवून वॉर्डात नुसती बघत उभी राहिले. डॉक्टर येतात ते उजवीकडून – त्यांना शिकवलेलंच तसं, पेशंटच्या उजव्या हाताला उभं राहायचं. आम्ही गोळ्या देतो उजवीकडून. नातेवाईकांची खुर्चीही उजवीकडे. म्हणजे आम्ही सगळे मिळून या माणसांना रोज सांगतोय – बाबांनो, डावीकडे बघायची काही गरज नाही! इतकी वर्षं नोकरी झाली, आणि प्रकाश आत्ता पडतोय.

राउंडला बोलले – आता सगळं डावीकडून करू या. मोठे डॉक्टर हसले. "सिस्टर, आता आम्हालाही कवायत?" पण महिनाभर करून बघा म्हणाले. आणि जाता जाता – फौजदार डावीकडे बघायला लागले नाहीत तर घरी सोडणार नाही. जिन्यात, रस्त्यात, शेगडीपाशी, कुठेही घात होईल. मग कायमची रवानगी शुश्रूषागृहात. काकू, म्हणजे त्यांच्या मिसेस, तिथेच उभ्या होत्या.  

८ मार्च, रविवार

हलवाहलवीने कंबरडं मोडलं! ज्यांची ज्यांची डावी बाजू गेलीये त्यांच्या खुर्च्या, कपाटं, सगळं डावीकडे. नातेवाईकांना तंबी – तिकडे बसा, हाक मारा, डावा हात हातात घ्या, मान वळेपर्यंत पिच्छा सोडू नका. कटकट झालीच. दारापाशच्या आजींची सून तर रडकुंडीला आली. "अहो, मी तिकडे बसले की त्यांना वाटतं मी घरी गेले!" समजूत काढता काढता माझा घसा बसला.

काकूंनी मात्र एका शब्दावर खुर्ची उचलली. म्हटलं, नातेवाईक असावेत तर असे.

९ मार्च, सोमवार

माझी अक्कल! हौसेच्या भरात घंटीचं बटणही डावीकडे टांगलं होतं मी. काकू कपडे आणायला घरी गेलेल्या. फौजदार उजवीकडे चाचपडत राहिले, बटण सापडेना, स्वतःच उठायला गेले आणि पडले. कपाळाला खोक. हाड मोडलं नाही हे नशीब. काकू परत आल्या तर त्यांच्यावरच तोफ – "मी पडलो तेव्हा कुठे मेली होतीस?"

मला म्हणायला हवं होतं ते. काकूंनी मान खाली घालून ऐकून घेतलं. मी म्हटलं, चूक माझी आहे. त्यांनी ऐकलंच नाही.

सगळ्यांच्या घंट्या आणि पाणी स्वतः उजवीकडे आणून ठेवलं. माणसं तेवढी डावीकडे.

१२ मार्च, गुरुवार

आजींनी मान वळवली!! सुनेकडे बघून चक्क हसल्या. सून ढसाढसा रडली, मीही डोळे पुसले. फौजदार मात्र ढिम्म.

१६ मार्च, सोमवार

अडतंय कुठे तेच कळत नव्हतं. व्यायामवाल्या बाई म्हणतात, मेंदूला मार जास्त आहे. पण त्या डावीकडून बोलल्या की वळते की मान, थोडी का होईना! म्हणून आज औषधांच्या खोलीच्या काचेतून पाहिलं.

काकू खुर्चीत विणत बसलेल्या. हाक नाही, हात हातात घेणं नाही. फौजदार उजवीकडे बघून ओरडतायत – "ही बया गेली कुठे? जागेवर सापडेल तर शपथ!" – आणि ही बया हातभर अंतरावर, निवांत, सुया चालवतेय. चेहरा इतका शांत मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

माझं टाळकं सटकलं. बाहेर बोलावून वाट्टेल ते बोलले. घरी न्यायचंय की नाही तुम्हाला?

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तिथे मी त्यांना दिसत नाही, सिस्टर. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच. दिसले की माझं काहीतरी चुकलेलं असतं." आत जायला वळत – "पण तुम्ही म्हणताय तर मारते हाक."



१७ मार्च, मंगळवार

घरी सोडताना आपण काय काय विचारतो! जिना आहे का, न्हाणीघरात धरायला दांडा आहे का, सांभाळायला कोण. 'पत्नी' म्हटलं की झालं समाधान. त्या पत्नीला जमेल का, हवंय का – कोण विचारतं? मी तरी कधी विचारलं?

पण पेशंट माझा तोच आहे. त्याची मान वळायलाच हवी. कितीही राग आला तरी त्याला अर्ध्या जगात सोडून देता येत नाही. काकूंना म्हटलं, तुमच्या मुलीशी बोलू का मी? "नको हो. तिला कशाला घोर."

काकू हाका मारतायत. "अहो, इकडे. इकडे बघा." दर हाकेआधी एक मोठा श्वास घेतात.

२१ मार्च, शनिवार

फौजदारांनी मान पूर्ण वळवली. काकूंना बघून म्हणाले, "इथे लपून बसलीस होय!" अख्ख्या वॉर्डाने टाळ्या वाजवल्या. मोठे डॉक्टर खूश – सोमवारी घरी!

सगळे पांगल्यावर काकू खुर्ची हातात धरून माझ्यापाशी आल्या. हळूच विचारलं, "सिस्टर, आता मी कुठे बसू?"