आबा, पोलीस तुम्हाला शोधत आले होते

आबा, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, आणि गेल्या मंगळवारी सकाळी पोलीस तुम्हाला शोधत आपल्या दारात आले. खोटं वाटेल, मलाही वाटलं. शिरूर ठाण्याचा तो ओळखीचा हवालदार होता आणि त्याच्याबरोबर पुण्याहून आलेल्या, साध्या कपड्यातल्या एक बाई साहेब. बाईंनी कागदावरून तुमचं संपूर्ण नाव वाचलं, मुक्काम वडगाव रासाई, तालुका शिरूर असा पत्ता वाचला आणि विचारलं, "हे कुठं असतात?" मी भिंतीवरच्या तुमच्या फोटोकडं बोट केलं. बाईंनी फोटो बघितला, कागद बघितला आणि म्हणाल्या, "मग यांचा मोबाइल नंबर कोण वापरतं?" माझ्या अजून काही डोक्यात शिरेना. त्यांनी पुढं विचारलं, मांडवगणला तुमचं कृषी सेवा केंद्र आहे ना, खताचा स्टॉक बघावा लागेल. आणि मी येड्यासारखा म्हणालो, "कुठलं खत पाहिजे मॅडम? युरिया सध्या शॉर्ट हाय." हवालदारानं तोंड फिरवलं. खतापासून स्फोटकंही बनतात, हे मला बाई बसून सांगायला लागल्या तेव्हा कळालं.

तुमचा नंबर आम्ही बंद केलाच नव्हता. मी पहिला बरा पैसा हातात आल्यावर तुम्हाला तो फोन घेऊन दिला होता, आठवतंय ना, आणि तुम्ही महिनाभर तो टॉवेलात गुंडाळून ठेवला होता. तुम्ही गेलात तरी गॅसचा नंबर तोच, बँकेचा ओटीपी त्याच्यावर, उसाच्या नोंदीचा कारखान्याचा मेसेज त्याच्यावर. नंबर बंद करायचा म्हणजे सगळीकडं चकरा मारायच्या. आणि खरं सांगायचं तर बंद करावासा वाटतही नव्हता. आपल्याकडं घरोघरी असंच आहे, माणूस जातो आणि नंबर चालू राहतो. तुमचा फोन बिघडला तेव्हा सिम मी पोराच्या फोनात दुसऱ्या खाचेत घातलं. मीच घातलं, माझ्या हातानं. तुमचा नातू एकवीस वर्षांचा झालाय, शिरूरच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. स्वतःच्या नंबरावर तो आम्हा सगळ्यांशी बोलायचा, आणि तुमच्या नंबरावर कुणाशी बोलत होता ते मला मंगळवारी समजलं.

समुद्रापलीकडं कुठल्याशा देशात तिथल्या पोलिसांनी एक गोरा माणूस पकडला. मशिदीत शिरून गोळ्या घालायच्या तयारीत होता. त्याच्या फोनात एक ग्रुप निघाला, त्यात निरनिराळ्या देशांतली माणसं. त्या पोलिसांनी एकेक नंबर ज्याच्या त्याच्या देशाला कळवला. आपल्या देशातला एक नंबर दिल्लीला आला, तिथून मुंबईला, तिथून पुण्याला, आणि तिथून हा हवालदार मोटरसायकल घेऊन बाईंच्या गाडीपुढं वाट दाखवत आपल्या घरी. आबा, आपल्या भावकीतल्या दोघांचा बांधाचा वाद तुमच्या डोळ्यांदेखत मिटला नाही, अजूनही मिटलेला नाही. आणि एकमेकांचं तोंड न बघितलेल्या साहेबांनी इतक्या लांबून, इतक्या झटक्यात तुमचा उंबरा गाठला. मला त्यांचा राग यायला पाहिजे होता. आला नाही. तुमची सून पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, तो घ्यायचंही मला सुचेना.

पोराला आतून बोलावलं. आला तो चेहरा उतरलेलाच. "मी नुसतं फॉरवर्ड करत होतो," म्हणाला. बाईंनी एक कागद काढून त्याच्यापुढं धरला, मग माझ्यापुढं. त्या ग्रुपात प्रत्येकाला काम दिलं होतं, की आपापल्या गावातली एक जागा दाखवा. तुमच्या नातवानं फोटो पाठवला होता. मांडवगणच्या बाजारपेठेतलं, जळालेल्या मोटरी भरून देणाऱ्या वायंडिंगवाल्या चाचांचं दुकान, आणि मागं मशीद. खाली लिहिलं होतं शुक्रवारी किती वाजता किती माणसं असतात, आणि दुकानात म्हातारा एकटाच कधी असतो. चाचांचं दुकान, आबा. माझ्या दुकानापासून चौथा गाळा. तुमच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा ज्यांनी दुकान उघडं टाकून तुम्हाला गाडीत घातलं आणि नदी ओलांडून दौंडच्या दवाखान्यात पोचवलं, ते चाचा. या पोराला सायकलवर बसवून हिंडवणारे चाचा. मी विचारलं, "आरं, पर चाचांचा का?" तर म्हणाला, "दुसरा कुणाचा पाठवायचा? मला तेच माहीत होते."

तेव्हापासून मला तुमचा तो उन्हाळा आठवतोय. विहिरीवरची मोटर जळाली होती आणि चाचांनी भरून द्यायला दोन दिवस लावले होते. मी बारावी नापास, नुसता तापलेला. चुलीपुढं जेवायला बसलोय, आई भाकरी थापतीय, आणि मी चाचांवर, त्यांच्या जातीवर काहीतरी घाण बोलतो. तुम्ही हातातला घास ताटात ठेवता. मारत नाही, ओरडत नाही. "ऊठ," म्हणता. "त्याच्याकडं जा. मोटर भरून व्हईस्तवर तिथंच बस. आन् आत्ता जे बोललास, ते त्याच्या तोंडावर बोल." मी दिवसभर दुकानात बसलो. चाचा तांब्याच्या तारेचे वेढे मोजत होते, मधे बोललं की मोजदाद चुकते, म्हणून हातानंच मला चहा घे म्हणून खुणावत होते. संध्याकाळी तुम्ही विचारलंत, "बोललास का?" मी म्हणालो, "न्हाई." "का?" "जमलं न्हाई." "मग घरातबी बोलायचं न्हाई," एवढं म्हणून तुम्ही जेवायला बसलात. तुम्ही होता तोवर घरात तसला शब्द निघाला नाही.

परवा पोराला आणि मला पुण्याला बोलावलं होतं. बाई वाईट नाहीत, आवाज चढवत नाहीत. त्या म्हणाल्या, "अशा पोरांना वळवायचं काम आम्ही करतो, सगळ्यांना आत टाकत नाही. पण हे याच्या डोक्यात कुठून आलं, ते मला कळायला हवं. घरात, गावात ऐकलेलं याने तिकडं नेलं असेल, तर पोरगं समजावण्यासारखं आहे असं मला वर लिहिता येईल. तसं काहीच नसेल, तर मग हा आपण होऊन बाहेरच्या लोकांना जाऊन मिळाला असाच अर्थ निघतो. मग ते माझ्या हातात राहणार नाही." आणि मला सरळ विचारलं, "घरात कुणी असं बोलायचं का?"

मी म्हणालो, "न्हाई मॅडम. आमचं घर तसलं न्हाई. आमच्या आबांना साऱ्या पंचक्रोशीत विचारा." तुमची शपथ घालायचीच काय ती बाकी ठेवली. त्यांनी ते लिहून घेतलं. गुरुवारी परत बोलावलंय, जबाबावर सही करायला. तुमची सून म्हणते वकील बघा, मेहुणा म्हणतो तोंड उघडू नका. चाचांना अजून काही माहीत नाही. काल ते दुकानापुढनं जाताना म्हणाले, "काय रं, तब्येत बरी न्हाई का?" मी हो म्हणालो. दुकानात बिलबुकाच्या कोऱ्या पाठीवर हे सगळं लिहितोय. हा कागद कुठं पाठवायचा नाही, कुणाला दाखवायचा नाही, म्हणूनच इतकं लिहिता आलं.

एक राहिलं. परवा पुण्यात बाईंच्या फाइलमध्ये पोरानं ग्रुपात टाकलेला अगदी पहिला मेसेज होता. त्यावरच सगळ्यांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं. एकच ओळ, चाचांसारख्या माणसांची थट्टा, की यांना कुठलं औषध फवारलं की हे साफ होतील. बाईंनी ती मोठ्यानं वाचली. आबा, ती ओळ माझी आहे. दुकानात पेपर वाचताना मी ती म्हणायचो, औषधाची बाटली हातात धरून, आणि गिऱ्हाईकं पोट धरून हसायची. पोरगं तेव्हा शाळेचं दप्तर घेऊन शेजारीच बसलेलं असायचं. बाईंनी ओळ वाचली तेव्हा त्यानं माझ्याकडं बघितलं. त्यानं माझं नाव घेतलं नाही. मी बोलेन म्हणून थांबला होता. मी मान खाली घातली.